वर्गातल्या वहिनी

गेटवर दोन टेबलं मांडली होती. एकावर फेटे, दुसऱ्यावर गजरे. फेटे बॅचच्या लोकांना, पोरींनासुद्धा. गजरे बरोबर आलेल्या वहिनींना. मी सरळ फेट्यांकडे गेले. फेटेवाल्याने डोक्याला पहिला वेढा घातला, तेवढ्यात मागून जयराजचा आवाज आला.

“आरं, त्यास्नी गजरा दे. विश्वजितच्या मिसेस हायत त्या, आमच्या वहिनी.”

फेटेवाल्याने वेढा सोडला. त्याचा काय दोष.

जयराज तीन वर्षं माझ्या मागच्या बाकावर बसत होता. माझी केमिस्ट्रीची जर्नलं उतरवून उतरवून पास झाला. आता ट्रॅक्टरचं शोरूम आहे, गळ्यात साखळी आहे, आणि या गेट-टुगेदरचा कर्ताधर्ता तोच. मी त्याला म्हटलं, जयराज, मी बॅचचीच आहे रे. तर तो हसून म्हणाला, “व्हय की वहिनी. कोण न्हाई म्हणतंय?” आणि गजरा माझ्या हातात ठेवून पुढच्या माणसाला मिठी मारायला गेला.

मी गजरा माळला. एरवी त्याच्याच तोंडावर फेकला असता. पण इतक्या वर्षांनी सांगलीत पाय ठेवल्या ठेवल्या तमाशा नको, असं मनाला बजावलं.

आता नीट सांगते. माझं नाव रेश्मा. रेश्मा आकाराम कोळेकर. जतकडच्या माळावरची, मेंढरं राखणाऱ्यांची पोर. आबांनी मला सांगलीला विश्रामबागेतल्या हॉस्टेलला ठेवलं, तेव्हा भावकी म्हणाली की आकारामाचं डोकं फिरलंय. फिरलं तर फिरलं, पोर शिकली. नुसती शिकली नाही, कॉलेजच्या खो-खोच्या संघाची कॅप्टन झाली. मॅच असली की मैदानाच्या कडेने पोरं “रेश्मा, रेश्मा” ओरडायची. त्यात सगळ्यात मोठा गळा विश्वजित निकमचा. तिथूनच आमचं जमलं.

त्याचं घर कृष्णाकाठचं, उसाच्या रानाचं. आमच्या घरी पावसाळ्यातसुद्धा टँकरची वाट बघायची. लग्नाचं निघाल्यावर दोन्हीकडे जे रणकंदन झालं, ते सांगत बसत नाही. शेवटी त्याची आई राजी झाली, पण एका अटीवर: नाव बदलायचं. मागचं नाव कानावर आलं की पाहुणे मागचं सगळं विचारणार, असं तिचं म्हणणं. म्हणून तांदळाच्या ताटात विश्वजितने अंगठीने लिहिलं, प्रियदर्शनी. एवढं लांब नाव की सासूबाईंना स्वतःलाच म्हणवेना. आठवड्याभरात त्यांनी सूनबाई म्हणायला सुरुवात केली.

लग्नानंतर विश्वजित मला म्हणाला होता, ताटात काय बी असू दे, मी तुला रेश्माच म्हणणार. म्हणालाही, सुरुवातीला. मग आईसमोर नको म्हणून थांबला. मग पोरांसमोर नको. मग “अगं” आणि “ऐक की” यावर संसार निभावला. आम्ही लोणंदला आलो, बी-बियाण्यांचं दुकान टाकलं, आणि बँकेपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे मी प्रियदर्शनी विश्वजित निकम झाले. माहेरी आई तेवढी रेश्मा म्हणायची. गेल्या वर्षी तीही गेली. आता या जगात मला माझ्या नावाने हाक मारणारं एकही माणूस उरलं नाही, हे तिच्या दहाव्याला माझ्या ध्यानात आलं.

म्हणून मला यायचं होतं. प्रत्येकाने माइकवर येऊन आपलं नाव-गाव सांगायचं, असा निरोप ग्रुपवर आला होता. कऱ्हाड मागे पडल्यावर गाडीत मी विश्वजितला म्हटलं, मला दुसरं काही नको, मी फक्त माझं पूर्ण नाव सांगणार आहे, पहिलं. तो गाडी चालवता चालवता म्हणाला, “सांग की. कोण अडवतंय तुला?”

कुणी अडवत नाही, हीच तर तक्रार आहे.

हॉलमध्ये समीक्षाने मला हाताला धरून शेजारी बसवलं. ती आमच्या संघातली, आता मिरजेला शाळेत शिकवते. तिच्या डोक्यावर फेटा झोकात बसला होता. माझा गजरा बघून ती म्हणाली, जयराजला अक्कल नाही, मी सांगते त्याला. पण तोवर हलगी सुरू झाली, पोटं सुटलेले बाप्ये नाचायला लागले, आणि तीही टाळ्या वाजवत त्यांच्यात घुसली. कुणी जुन्या सरांची नक्कल केली, कुणी वर्गातली गाणी म्हटली. हसून हसून लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं. खोटं कशाला बोलू, मीही हसले.

मग एकेक जण माइकवर यायला लागला. विश्वजितची पाळी आली तेव्हा तो म्हणाला की या कॉलेजने मला दुसरं काही दिलं नसेल, पण बायको दिली. शिट्ट्याच शिट्ट्या. जयराज म्हणाला, वहिनी, जरा उभ्या राहा, सगळ्यांस्नी दिसू द्या. मी उभी राहिले. हात जोडले. बसले.

तेवढ्यावरच माझी ओळख झाली, असं त्यांनी धरलं. समीक्षा बोलून आली, बाकीच्या पोरी बोलून आल्या, आणि जयराजने जाहीर केलं की बॅचची ओळख संपली, आता वहिनींचे खेळ.

मी उठले. कुणाला न विचारता स्टेजवर गेले आणि जयराजच्या हातातून माइक घेतला. तो बिचारा खूश झाला, त्याला वाटलं वहिनी खेळाला रंग आणणार. आणि खालून आवाज आला, “उखाणा!” पहिला आवाज समीक्षाचा होता. प्रेमानेच ओरडली. मग सगळा हॉल तेच म्हणायला लागला. पुढच्या रांगेत पूर्वी माझ्या नावाने घसा कोरडा करणारी तीच पोरं होती, आता टकलं पडलेली.

मी म्हटलं, “नाव घेते.” हॉल चिडीचूप झाला.

“रेश्मा आकाराम कोळेकर. गाव जत.”

कुणाला काही कळेना. मग जयराज हात उडवत म्हणाला, “घ्या. वहिनी गडबडीत मालकांचंच नाव विसरल्या.” सगळे खो खो हसले. एकाच्याही हसण्यात खोट नव्हती. असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

विश्वजित उठून वर येताना दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. त्याला तर माहीत होतं. वाटलं, हा आता सांगेल यांना, अरे गाढवांनो, ही रेश्मा, आपली कॅप्टन. त्याने माझ्या हातातून माइक घेतला. खांद्यावर हात टाकला. आणि मला सांभाळून घेतल्यासारखं माझ्याकडे बघून म्हणाला,

“कृष्णाकाठच्या उसाला साखरेची गोडी,
प्रियदर्शनीची नि माझी कॉलेजातली जोडी.”

हॉल उठून उभा राहिला. हलगीवाल्याने हलगी कडाडवली. बायका एकमेकींना म्हणत होत्या, नवरा असावा तर असा. समीक्षा फेटा सावरत डोळे पुसत होती.

आमच्या कॉलेजात प्रियदर्शनी नावाची कुणी मुलगी नव्हती. त्या हॉलमधल्या सगळ्यांना हे माहीत होतं. विश्वजितला तर होतंच.

माइक त्याच्याकडे होता आणि माझे हात मोकळे होते. सगळे वाजवत होते, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या.