तिसरी हाक

राही मांडवीची, समुद्राकाठची पोर. वनरक्षक म्हणून या राखीव उद्यानात येऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते आणि रानाची भीती वाटते हे ती मरतानाही कबूल करणार नव्हती. वादळात कललेलं ऐनाचं एक झाड पर्यटकांच्या वाटेवर झुकलं होतं. एरवी इथली फांदी तोडायलाही परवानगी लागते. या झाडाची ती मिळाली होती आणि आज तिच्या देखरेखीखाली ते पाडायचं होतं.

करवत लावण्याआधी आसपास कुणी नाही ना, हे हाक मारून बघायचं, असा नियम. म्हातारा वनमजूर भागोजी वाटेखाली, झाड पडणार त्याच बाजूच्या उतारावर वेली तोडायला गेला होता.

"भागोजीकाकाऽऽ, वर याऽऽ!"

ओ आली नाही. तिनं पुन्हा हाक मारली. रान गप्प. गेला असेल पलीकडे, असं म्हणून तिनं करवत चालवणाऱ्या निलेशला खूण केली. त्याची मशीनची करवत खोडात शिरली.

आणि मग तिला भागोजीचंच सकाळचं बोलणं आठवलं. "रानात नावानं हाक आली तर लगेच ओ देऊ नको, बाय. भूत दोनदाच हाक मारतंय. तिसऱ्या हाकेला बोलायचं." तेव्हा ती फिदीफिदी हसली होती. आता तिनं आपल्या हाका मोजल्या: दोनच. म्हातारा खालीच होता!

ती ओरडली, पण करवतीपुढे तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. खोड कडाडलं. आता निलेशला थांबवून उपयोग नव्हता. राही वेड्यासारखी उतारावरून खाली पळत सुटली, पडणाऱ्या झाडाच्या पुढ्यात.

भागोजी एका दगडाला टेकून, डोळे गच्च मिटून, देवाचं नाव पुटपुटत बसला होता. तिनं हात धरताच तो किंचाळला. तिनं त्याला बकोटीला धरून फरफटत बाजूला ओढलं. ऐन कोसळला. जमीन हादरली आणि तो दगड फांद्यांखाली दिसेनासा झाला.

भागोजीनं आधी तिची पावलं उलटी नाहीत ना ते बघितलं, मगच तोंड वर केलं.

"दोन हाका आल्या," तो म्हणाला. "तिसरीची लय वाट बघितली गो. आली नाय. मंग खातरीच पटली, नि मी जागचा हललोच नाय."

राही त्याच्याशेजारी मटकन बसली. आणखी एकदा ओरडायचा तिला कंटाळा आला होता, एवढंच. हे त्याला कोणत्या तोंडानं सांगावं, ते तिला कळेना.