पलंगाचा शेंडा नव्हताच तो

संग्रहालयात काम करणाऱ्या भिंगरीने त्याच्या फेसबुक पानावर दोनशे वस्तूंचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, ‘ओळखता का? सांगा.’ झालं, लोक तुटूनच पडले की! कुणी म्हणे ही माझ्या मावशीकडे होती तशीच इस्त्री, कुणी म्हणे तो दिवा उलटा ठेवलाय. आणि दोर वळणाऱ्या एका आजोबांनी तर थेट संग्रहालयाच्या प्रमुख साहेबांच्या शेपटीवरच पाय दिला. काचेच्या कपाटात भोवऱ्यासारखा एक ठोकळा होता. त्यावर साहेबांनी तीस वर्षांपूर्वी स्वतः पाटी लावलेली, ‘पलंगाच्या खांबाचा नक्षीदार शेंडा’. आजोबांनी खाली लिहिलं, ‘शेंडा कसला? हे आमचं दोर वळायचं अवजार. पाटी बदला.’

साहेब लालबुंद. उद्या कुणीही उठून आम्हाला शिकवेल, म्हणाले, ती कमेंट पूस आणि सगळंच बंद कर. भिंगरीची नोकरी अजून कच्ची, पक्की करायचा कागद त्यांच्याच टेबलावर सहीविना पडलेला. घरी आईने समजावलं, मोठ्यांशी वाकडं कशाला घेतेस? भिंगरीने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी आजोबांनाच बोलावून घेतलं.

साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तुमचा अभ्यास किती, विचारलं.

“साठ वर्षं दोर वळलेत,” आजोबा म्हणाले. “तुम्ही किती वळलेत?”

भिंगरीने ओठ चावून हसू दाबलं. मग म्हणाली, “साहेब, नोकरी घ्या माझी. कमेंट मी पुसणार नाही.”

आजोबांनी पिशवीतून त्या ठोकळ्याचा जुळा भाऊच काढला. तीन खाचांत तीन सुतळ्या बसवल्या, एका बाजूची टोकं एकत्र बांधून दाराच्या कडीला अडकवली, दुसरीकडून भिंगरी आणि दोन पहारेकऱ्यांना एकेक सुतळी पिळायला लावली. मग ठोकळा सरकवत निघाले, आणि मागे घट्ट तीनपेडी दोर!

साहेबांनी तो ओढून पाहिला. दोन्ही हातांनी ओढला. मग खुर्चीत बसले.

“तीस वर्षं मी लोकांना चुकीचं सांगितलं,” ते म्हणाले. “बाकीच्या कमेंट वाच. सगळ्या.”

सही दोन आठवडे रखडली, पण झाली. नव्या पाटीवर खाली आजोबांचं नाव आहे.

तर मित्रांनो, वस्तू कपाटात राहते, तिची ओळख मात्र ती वापरणाऱ्या हातांत असते. त्या हातांना कुणी गप्प करायला सांगितलं, तर खुशाल नाही म्हणा. पाटी चुकलेली दिसली तर लिहा. पुसली, तर पुन्हा लिहा.