दगडी कापूस जळतो तेव्हा

"निघालं! बघा, बघा, निघालं!"

सेन्नान या गावाच्या सार्वजनिक सभागृहातल्या बायका खुर्च्या सरकवत तोमीएच्या टबाभोवती गोळा झाल्या. मघाशी त्या टबात नितळ कोमट पाणी होतं. तोमीएनं पाय बुडवले, शिराकुरा गुरुजींनी एक पुडी फोडून 'क्षार' टाकला आणि टबाला जोडलेल्या यंत्राचं बटण दाबलं. बघता बघता पाणी गढूळ, तपकिरी झालं आणि वर पांढरे तंतू तरंगू लागले.

"चाळीस वर्षं छातीत दडून बसलेला दगडी कापूस!" गुरुजींनी चिमट्यानं एक तंतू उचलून धरला. "शरीर म्हणजे नदी, ताई, आणि पाय म्हणजे तिचं मुख. डॉक्टर काय करतात? नदीच फाडायला निघतात!"

हॉलभर हात जोडले गेले. जमलेल्या बहुतेक जणींनी तरुणपणी कांद्याच्या शेतांमधल्या छोट्या गिरण्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत काढलं होतं. त्यालाच त्या दगडी कापूस म्हणत. आता एकेकीला धाप लागत होती आणि दरवर्षी दोघीतिघी कमी होत होत्या.

किनुएचेही पाय टबात होते. तिला फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होता, मेसोथेलिओमा. चार महिन्यांपूर्वी इस्पितळातल्या निशिओका डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीतलं पाणी सुईनं काढलं आणि समोर बसून सगळं सांगितलं होतं. "आजार अजून एकाच बाजूला आहे. आधी सलाइनमधून औषध, मग ऑपरेशन करून आवरण सोलून काढायचं. तुम्हाला ते झेपेल. नाहीतर नुसती औषधं."

"बरी होईन ना?"

"तसं वचन मी देणार नाही, किनुएबाई. वेळ मिळेल, कदाचित बराच."

त्याच आठवड्यात गिरणीतली जुनी मैत्रीण तोमीएनं तिला गुरुजींकडे आणलं. "पूर्ण बरं करतो," ते म्हणाले. त्या रात्री किनुएला मोकळा श्वास आला. तिनं श्रेय टबाला दिलं, सुईला नाही. औषधांची आणि ऑपरेशनची तारीख तिनं फोन करूनच रद्द केली. मुलगी चिहारू शाळेत विज्ञान शिकवायची. ती रडली, भांडली, पण किनुए बधली नाही.

आज मात्र किनुएला पुन्हा धाप लागत होती. पाय पुसता पुसता तिनं पाण्यावरचा एक तंतू बोटांत धरून चोळला. अठ्ठावीस वर्षं तिच्या बोटांनी दगडी कापूस ओढला होता. तो गुळगुळीत असतो, निसटतो. हा तंतू मऊ होता, बोटाला चिकटत होता. तिनं तो रुमालात बांधला.

घरी येऊन तो वाळवला आणि देव्हाऱ्यातल्या मेणबत्तीवर धरला. भप्पकन जळून गेला.

"चिहारू," ती मुलीला म्हणाली, "दगडी कापूस जळत नाही गं. जळत नव्हता म्हणून तर आम्ही तो कातला."

पुढच्या गुरुवारी दोघी सभागृहात गेल्या. किनुएनं आपल्या टबात पाय घातलेच नाहीत. पिशवीतून दोन कांदे काढून पाण्यात सोडले.

"हे काय, ताई?" गुरुजी हसले.

"आज यांच्यावर उपचार करा."

गुरुजी पुढे होण्याआधीच चिहारूनं एक पुडी फोडून टाकली आणि बटण दाबलं. पाणी तपकिरी झालं. कांद्यांभोवती पांढरे तंतू तरंगू लागले.

"काय हो गुरुजी," किनुए धापा टाकत म्हणाली, "हे कांदे कुठल्या गिरणीत कामाला होते?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. चिहारूनं यंत्र बंद करून पाण्यातून त्याच्या पट्ट्या उचलून दाखवल्या. "हे लोखंड आहे. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की झरझर गंजतं. तपकिरी रंग त्या गंजाचा." मग तिनं दुसरी पुडी साध्या पाण्याच्या पेल्यात ओतली. मीठ विरघळलं आणि साध्या कापसाचे धागे वर आले.

"अश्रद्धेनं उपचार उलटतो!" गुरुजी ओरडले.

"उलटू दे," तोमीए म्हणाली. "पण हिचे चार महिने आणा परत."

गुरुजींनी यंत्र तिथेच टाकलं आणि मागच्या दारानं काढता पाय घेतला. पुढे पोलिसांनी त्यांना शेजारच्या गावात पकडलं.

ते चार महिने काही परत आले नाहीत. नव्या तपासणीत आजार छाती आणि पोटामधल्या पडद्यापलीकडे पसरलेला दिसला. "ऑपरेशन आता होणार नाही," निशिओकाबाईंनी सांगितलं. "शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध आहे. लागू पडेल की नाही, घेतल्यावरच कळेल. पाणी साचलं तर काढू. दुखणं मात्र अंगावर काढू देणार नाही."

"चालेल. निदान तुम्ही मला खरं सांगता."

औषध काही काळ लागू पडलं. किनुए आणखी तेरा महिने जगली. तोमीएला तिनं स्वतः हाताला धरून इस्पितळात नेलं. आजार वेळेत सापडला आणि तोमीएचं ऑपरेशन झालं.

शेवटच्या हिवाळ्यात नाकाला ऑक्सिजनची नळी लावून किनुए त्याच सभागृहात बोलायला उभी राहिली. दर दोन वाक्यांनी थांबत होती.

"मी मूर्ख नव्हते. घाबरले होते. घाबरलेल्या माणसाला 'नक्की' हा शब्द फार गोड लागतो. म्हणून सांगते, कुणी 'नक्की' म्हणालं तर विचारा, कशावरून? आणि पाय बुडवायच्या आधी विचारा."

टेबलावर इस्पितळातल्या तपासणीसाठी नावांची यादी ठेवली होती. पुढच्या रांगेतली एक उठली आणि त्या यादीत तिनं आपलं नाव लिहिलं.