झिवकाच्या हाताचा माउस

गेल्या सप्टेंबरात दहा दिवस माझ्या नवऱ्याचा हात दुसऱ्या बाईच्या हातात होता, आणि तो तिथे रोज सकाळी मीच नीट ठेवून देत होते. हे ऐकून कुणाला हसू येत असेल तर येऊ दे. मला येत नाही.

तिचा हात म्हणजे माउस, कॉम्प्युटरचा. १९८७ साली बल्गेरियात, स्तारा झागोरातल्या आमच्या कारखान्यात, माझा नवरा मेतोदी आणि झिवका या दोघा इंजिनिअरांनी तो शाळांसाठी बनवला. त्याच्या पाठीवर एक झाकण आहे, ते उघडलं की आतून बोटभर दांडा वर येतो. बाजूचं बटण पुढे सारलं की तो माउस, टेबलावर फिरवायचा. मागे सारलं की जॉयस्टिक, जागचा हलवायचा नाही, नुसता दांडा ढकलायचा. एकाच वस्तूवर मुलांनी सकाळी चित्रं काढावीत आणि दुपारी विमानं पाडावीत, अशी या दोघांची कल्पना. मी त्याच कारखान्यात खालच्या मजल्यावर सोल्डरिंग करायचे. ते दोघं वरच्या मजल्यावर, पांढऱ्या कोटात.

वस्तू मुठीत नीट बसावी म्हणून त्यांनी मऊ मातीचा गोळा घेतला आणि झिवकाने त्यावर आपला पंजा दाबला. साचा त्यावरून घेतला. मला हे कँटीनमध्ये कळलं, तेही सगळ्यांत शेवटी. घरी आल्यावर मी मेतोदीला विचारलं, "माझा हात नव्हता का?" तर म्हणाला, "तू खाली होतीस. ती शेजारी होती." असं खरंखुरं उत्तर दिलं की विषय संपतो, असं इंजिनिअरांना वाटतं.

मग राजधानीतून, सोफियाहून, दोन साहेब पाहायला आले, एक ऑफिसच्या यंत्रांच्या खात्याचा, दुसरा खेळण्यांच्या. पहिला म्हणाला, याला दांडा आहे, म्हणजे हे खेळणं. दुसरा म्हणाला, हा माउस आहे, म्हणजे यंत्र. दोघांनी आमच्या डायरेक्टरची कॉन्याक संपवली आणि सही न करता संध्याकाळची गाडी पकडली. नमुन्याचे पाच बनले होते, तेवढेच. मेतोदी आठवडाभर धड जेवला नाही, आणि मी मनातून खूश होते. अशी मी बाई.

चार वर्षांनी झिवका जर्मनीला गेली, स्टुटगार्टला. तिने लग्न केलं नाही. दर नवीन वर्षाला तिचं कार्ड यायचं, 'प्रिय मेतोदी आणि नेदका'. त्यातली नेदका मला नेहमी जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी वाटायची. तरी स्टुटगार्ट लांब आहे या विचाराने मी तीस वर्षं बऱ्यापैकी सुखात काढली.

तीन वर्षांपूर्वी मेतोदीला झटका आला. बोलणं गेलं, पाय गेले. मान राहिली, उजवं मनगट थोडं राहिलं, आणि डोकं मात्र पूर्वीसारखंच लख्ख. मी विचारायचं आणि त्याने मान हलवायची. आमच्याकडे मान डावी-उजवीकडे हलते ती 'हो' म्हणायला, आणि एकदाच वर जाते ती 'नाही' म्हणायला. खिडकी उघडू? सूप हवंय? पाठ दुखतेय? डॉक्टर आले, शेजारी आले, सगळे त्याच्याकडे बघून मला विचारायचे. त्याची जीभ मी होते. आणि खरं सांगायचं तर, मला ते आवडत होतं. चाळीस वर्षांच्या संसारात तो इतका माझा कधीच नव्हता.

मागच्या हिवाळ्यात झिवकाचा व्हिडिओ कॉल आला. केस सगळे पांढरे, चष्मा कपाळावर. मी फोन मेतोदीसमोर धरला. ती म्हणाली, "मेतोदी, मी भेटायला येऊ?" त्याची मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे. इतक्या जोरात की उशी सरकली.

झिवकाचा चेहरा पडला. तीस वर्षं जर्मन लोकांत राहून तिची नजर तिकडची झाली होती. तिकडे अशी मान म्हणजे नकार. तिने हळूच विचारलं, "नेदका, नको म्हणतोय का?"

मी म्हटलं, "दिसतंय ना तुला."

एवढंच. खोटं असं मी काही बोलले नाही. फोन ठेवला, उशी सारखी केली. मेतोदीने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले ते रात्रीच्या जेवणापर्यंत उघडले नाहीत.

तरी ती आलीच. तिच्या आईचं घर रिकामं करायचं होतं म्हणून सप्टेंबरात ती गावात आली, आणि एका सकाळी दार वाजलं.

"नेदका, मी आलेय. हाकलायचं तर हाकल, पण आधी पाणी दे. तीन जिने चढलेय."

"लिफ्ट आहे की."

"बंद आहे."

"कालपर्यंत चालू होती. तुला बघून बंद पडली असेल," मी म्हटलं, आणि आत घेतलं.

आईच्या माळ्यावर तिला पाचांतला एक माउस सापडला होता. तिने स्वतःच तो उघडून साफ केला, आजच्या कॉम्प्युटरला चालेल अशी वायर लावली. आमच्या मुलीचा जुना लॅपटॉप पलंगाशेजारी मांडला, पडद्यावर अक्षरांची चौकट आणली, आणि मेतोदीचा उजवा हात उचलून त्या माउसवर ठेवला. मनगटाने दांडा ढकलायचा, हव्या त्या अक्षरावर थांबायचं. लिहून संपवलं की लॅपटॉप ते मोठ्याने वाचतो, रेडिओवर हवामान सांगणाऱ्या माणसाच्या आवाजात.

मी दारात उभी राहून एकच बघत होते. त्याच्या हाताखाली जो खळगा होता तो तिच्या पंज्याचा होता. प्रत्येक बोटाची जागा तिची.

पहिला शब्द लिहायला त्याला पाव तास लागला. लॅपटॉप म्हणाला, "मीठ."

झिवकाला कळेना. मला कळलं. तीन वर्षं मी त्याला अळणी सूप पाजत होते.

"डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हटलं.

"अगं, कमी घाल म्हणाले असतील. घालूच नको असं थोडंच म्हणाले?"

"स्टुटगार्टला स्वयंपाकही शिकलीस वाटतं."

मेतोदीच्या घशातून खरखर आली. मी धावले, मला वाटलं ठसका लागला. तो हसत होता. तीन वर्षांत माझ्या एकाही बोलण्यावर तो हसला नव्हता, आणि आता हसला तर ती शेजारी असताना.

त्यानंतर ती रोज दहाला यायची, त्याआधी मी त्याचा हात माउसवर ठेवून द्यायचे. येताना कधी चीज भरलेली बनित्सा आणायची, कधी प्यायला गोड, आंबवलेल्या बोझाची बाटली. मी म्हणायचे, "आमच्या घरात खायला असतं हो." ती म्हणायची, "असतं, पण त्यात मीठ नसतं." मग दोघं कामाला लागायची. तो दोन अक्षरं लिहायचा, ती उरलेला शब्द ओळखायची, तो मान हलवायचा. कारखान्यातले कोण कोण मेले, कुठलं सर्किट का जळलं, सोफियाच्या साहेबाची टाय कशी सूपमध्ये पडली. मी त्या गोष्टींत कुठेच नव्हते. मी खालच्या मजल्यावर होते ना.

जिवाची नुसती लाही होत होती. पण त्याहून मोठी होती ती भीती. आता त्याला बोलता येत होतं. दांडा हलला की वाटायचं, आता लिहील, 'मी हो म्हणालो होतो.' आता लिहील, 'नेदकाला माहीत होतं.' मी स्वयंपाकघरातला नळ बंद करून कान द्यायचे, आणि तो हवामानवाला आवाज म्हणायचा, "बोझा गोड आहे."

सातव्या दिवशी मी एक गोष्ट केली. झिवका यायच्या आधी त्याचा हात ठेवताना बाजूचं बटण गुपचूप पुढे सारलं. म्हणजे तो झाला माउस, आणि दांडा नुसता शोभेचा. ती आली. मेतोदीने दांडा ढकलला. पडद्यावर काही हललं नाही. पुन्हा ढकलला. झिवका वायर तपासायला टेबलाखाली वाकली. तेवढ्यात त्याने आधी बटणाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ते बटण त्यानेच बसवलं होतं, त्याला कसं कळणार नाही? तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता वाट बघत राहिला. मी पुढे होऊन बटण मागे घेतलं आणि म्हटलं, "धूळ असेल."

"असेल," टेबलाखालून झिवका म्हणाली.

दहाव्या दिवशी मी बाल्कनीत हिवाळ्यासाठी मोठ्या लाल मिरच्या भाजत होते, सगळ्या गल्लीत त्याच वासाचे दिवस होते. हात कोपरापर्यंत काळे. एक परात भरून आत आणत होते तर झिवकाचा आवाज ऐकला आणि दारातच थांबले.

ती म्हणत होती, "मेतोदी, एक विचारायचंय, राग मानू नकोस. हिवाळ्यात मी येऊ का म्हटलं तर तू नाही म्हणालास. मी त्या दिवशी जेवले नाही, खरं सांगते. आता रोज बघते तर तुला मी आलेली आवडते. मग तेव्हा नाही का म्हणालास?"

मेतोदीला मी दिसत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. दांडा हलू लागला. मी तिथून हललेही नाही, माझ्याने हलवेना. तीन वर्षं जी जीभ मी होते ती आता त्याच्या मनगटाखाली होती, आणि मला वाटलं, आज संपलं. आज मी त्याची नावापुरती बायको राहणार आणि तिच्यासमोर तोंड दाखवायला जागा नाही राहणार.

बराच वेळ गेला. मग लॅपटॉप म्हणाला, "मीच नको म्हणालो. तू मला असं बघू नयेस."

झिवकाने पडद्यावरची अक्षरं पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "बरं." चष्मा पुसला, पिशवी उचलली. "मग दहा दिवस सहन केलंस म्हणायचं. सांगायचंस रे. मी काय परकी आहे?" मला दारात बघून म्हणाली, "येते, नेदका. आईच्या घराचं आवरलंच आहे, गुरुवारची गाडी बघते." आणि गेली.

मी जिंकले होते. माझ्यासाठी तो धडधडीत खोटं बोलला होता, तेही तिच्या तोंडावर, तिच्याच हाताने बनलेल्या वस्तूवरून. मला आनंद व्हायला हवा होता. पण तो बंद दाराकडे बघत होता, आणि तसं बघताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मला एकदम कळलं की हा आता रोज असाच बघणार. तोंडाने माझा राहील आणि डोळ्यांनी दाराशी बसेल.

परात टेबलावर आपटून मी तशीच धावले. पायात घरातल्या सपाता, हात काळे. ती खालच्या दाराबाहेर लिंडनच्या झाडाखाली नाक पुसत उभी होती.

"झिवका, थांब. तो हो म्हणाला होता."

"कधी?"

"हिवाळ्यात. आपल्यासारखी मान हलवली त्याने. तुला कळलं नाही, मला कळलं होतं. मी सांगितलं नाही."

मला वाटलं आता थोबाडीत देते. दिली असती तर मी घेतली असती.

"आणि आज?" तिने विचारलं.

"आज त्याने मला झाकलं."

"तुझ्यासाठी खोटं बोलला."

"हो."

ती झाडाला टेकली. म्हणाली, "नेदका, सत्तर वर्षं झाली मला. माझ्यासाठी असं खोटं बोलणारं कुणी मिळालं नाही. तुला काय कमी होतं गं, माझा हेवा करायला?"

मला पहिल्यांदा तिचं वाईट वाटलं. आणि त्याच वेळी बरंही वाटलं, ते कशाला लपवू.

"वर चल," मी म्हटलं.

"कशाला? आज मला त्याच्याकडे बघवणार नाही."

"तू नाही आलीस तर तो जन्मभर तुझी वाट बघेल आणि मला ते बघावं लागेल. त्यापेक्षा तू समोर बसलेली बरी. निदान किती वेळ बसलीस ते तरी कळतं."

ती हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. लिफ्ट अजून बंदच होती. तीन जिने आम्ही एकीमागून एक चढलो.

मेतोदीने तिला पाहिलं, मला पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. मी खुर्ची पलंगाजवळ सरकवली, तिला बसवलं. त्याचं मनगट हलू लागलं होतं, घाईघाईने. लॅपटॉप आता काहीतरी बोलणार. मी वाकून त्याचा आवाज बंद केला. पडद्यावरची अक्षरं खुर्चीत बसलेल्यालाच दिसतात, दारातून दिसत नाहीत. हे मला दहा दिवसांत चांगलं माहीत झालं होतं.

मी बाल्कनीत गेले, दार ओढून घेतलं आणि मिरच्या सोलत बसले. आत अर्धा तास ते दोघं काय बोलले ते मी त्याला विचारलं नाही, तिलाही नाही. आजवर विचारलेलं नाही. जीव जळतो, पण विचारलेलं नाही.