नाव मागायला आलेली

"मेलेलं माणूस स्वप्नात येऊन दारात उभं राहिलं, की समजावं, घरातल्या पोटातल्या बाळाला आपलं नाव मिळावं असं त्याला वाटतंय. त्याला रित्या हातानं परत धाडू नये, पोरी."

हेरिंग मासे खारवता खारवता मावशी हे सांगायची. इंगुन तेव्हा मिठाच्या पिंपाएवढी होती. आता ती गावच्या तरणतलावावर टॉवेल देते आणि अंग न धुता गरम कुंडात उतरू पाहणाऱ्यांना मागं फिरवते. मावशीचा आवाज मात्र कानातून गेला नाही.

आज तिच्या नातीचं नाव ठेवायचं होतं. पाद्रीबाबांनी विचारेपर्यंत नाव ओठांबाहेर काढायचं नाही, ही फ्योर्डच्या खाडीकाठची रीत. म्हणून कुंडातल्या बाया महिनाभर गळ टाकून बसल्या होत्या. "जावई झोपेत तरी बरळत असेल की गं," असं त्यांच्यातली गुडलाउग रोज टोचायची. इंगुन हसून टॉवेलांच्या घड्या घालायची.

घरात नुसती धांदल. जावई कोल्बेन खुर्च्या मागायला शेजारी धावत होता, वॅफलचा वास जिन्यापर्यंत गेला होता. बाळाची आई, इंगुनची लेक हाल्बेरा, कुबडी काखेत धरून साय घुसळत होती. डोक्यावर एक केस नव्हता, पण चेहरा कसा, पहाटेच्या उजेडातल्या पाण्यासारखा. सकाळीच राजधानीतून डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता: गुडघ्यातली गाठ आक्रसलीय, छाती स्वच्छ आहे, सोमवारी शस्त्रक्रिया, पाय वाचेल. हे ऐकून कोल्बेननं सासूलाच उचलून गरकन फिरवलं होतं.

हाडाचा कॅन्सर, तोही गरोदरपणी. डॉक्टरांनीही क्वचितच पाहिलेला. चौथा महिना उलटल्यावर केमो सुरू झाली. आईच्या शिरेत औषध, पोटात बाळाच्या लाथा. पहिल्या केमोच्याच रात्री इंगुनला स्वप्न पडलं. दारात हाल्बेरा उभी, ओलीचिंब. म्हणाली, "आई, नाव दे."

जितं माणूस नाव मागायला येत नाही. म्हणजे लेक जाणार, असंच इंगुनला वाटलं. दुसऱ्या दिवशी लेकीनं सहज विचारलं, कुणी आलं होतं का स्वप्नात, तर तिनं कुणी नाही म्हणून सांगितलं. त्यानंतर बाळ महिनाभर आधीच, पण खणखणीत रडत जन्मलं, तरी तिनं ते स्वप्न कुणाला सांगितलं नाही.

पाहुणे जमले. बाहेर पाद्रीबाबांचं खाकरणं ऐकू आलं. आतल्या खोलीत इंगुन बाळाच्या लांब पांढऱ्या झग्याची बटणं लावत होती. हाल्बेरा पलंगाच्या कडेला टेकली.

"नाव आम्ही आमच्या मनानंच ठरवलंय. तरी शेवटचं विचारते, आई. खरंच कुणी आलं नव्हतं?"

इंगुननं शेवटचं बटण लावलं.

"आली होती. तू."

हाल्बेरानं आईचा हात गच्च आवळून धरला. स्वप्नात कोण नाव मागायला येतं, हे तिलाही ठाऊक होतं.

"दारात उभी राहून नाव मागत होतीस," इंगुन बाळाकडेच बघत म्हणाली. "मी दिलं नाही. म्हटलं, तुझं नाव तुझ्यापाशीच ठेव, तुला ते अजून पुष्कळ वापरायचंय. आणि दार लावून घेतलं."