आधी माझ्यावर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, परळच्या एका रक्तपेढीतला. नवा होतो तेव्हा माझी जागा दर्शनी काउंटरवर होती. रक्तदात्यांची नावं माझ्यात नोंदवली जात आणि रांगेतली माणसं माझ्या उजळ पडद्याकडे कौतुकानं बघत. पुढे वेगवान संगणक आले आणि मला खिडकीशी कोपऱ्यात बसवलं. बरेच दिवस मला कोणी हात लावला नाही.

मग मेघनाताई आल्या. रक्तपेढीतले सगळे संगणक एका जाळ्यात जोडलेले. त्यांची देखभाल ताईंकडे. कंपनीकडून कामाच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती आली, की ताई ती आधी माझ्यावर चढवून बघत. दुरुस्ती चढली की मी बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तुम्ही हसाल, पण त्या मधल्या अंधारात मी नोंदवलेली नावं कापसाच्या तंतूंसारखी तरंगत येतात. मी सगळ्यांना ओळखतो.

एका सकाळी मोठी दुरुस्ती आली. बाहेर पेशंटचे नातेवाईक खोळंबले होते. व्यवस्थापक शंतनु सर म्हणाले, "मेघना, आज डायरेक्ट सगळ्यांवर टाक ना. लोक थांबलेत."

"सर, आधी यावर टाकते. एक लेबल काढून बघू दे."

"अगं, हा फार वेळ खातो."

"खाऊ दे, सर."

मी मिटलो. जाग आली तेव्हा ताईंनी माझ्याकडून रक्ताच्या पिशवीचं नमुन्याचं लेबल छापून घेतलं आणि त्या बघतच राहिल्या. गट भरला होता 'ओ निगेटिव्ह'. छापून आला नुसता 'ओ'; निगेटिव्ह की पॉझिटिव्ह, ते कळायला मार्गच नव्हता. सरांनी लेबल हातात घेतलं आणि ते खुर्चीत बसले.

"बाकीच्यांवर नको टाकू," ते हळूच म्हणाले.

त्या दिवशी बाकीचे संगणक जुन्याच सॉफ्टवेअरवर चालले. दुपारी भोईवाड्याच्या सुंदराबाई बाळंतीण सुनेसाठी ओ निगेटिव्हची पिशवी घेऊन गेल्या. लेबल बरोबर होतं. कोपऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. सून वाचली, हे मला नंतर ताईंच्या बोलण्यातून कळलं. कंपनीनं चूक सुधारून पाठवली, तीही आधी माझ्यावरच चढली, मग सगळ्यांवर.

मित्रांनो, दुरुस्ती टाळू नका, पण आधी एकावर पारखून घ्या. त्या एकाचा पंखा अधूनमधून साफ करा. आणि तो मिटलेला असेल तेव्हा वायर ओढू नका. तो तुमच्याआधी पलीकडे जाऊन बघत असतो.