तळघरातला खोकला

बाबा गेल्यानंतर ते पहिल्यांदा खोकले तेव्हा आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती आणि रेडिओवर कुणीतरी गात होतं. खालून आवाज आला. दोन कोरडे ठसके आणि त्यांच्यामागून एक लांब, घसा खरवडणारा. आईने हात पुसले, रेडिओ बंद केला, केस सारखे केले आणि उभी राहिली. मीही उभी राहिले. दिवसभर लोकांना गाडी चालवायला शिकवणारी, भर चौकात ट्रकवाल्यांशी हुज्जत घालणारी, चाळिशी ओलांडलेली बाई मी, आणि त्या आवाजाला शाळेतल्या पोरीसारखी उभी राहिले.

तो पंप होता, दुसरं कोण असणार? आमच्या तळघरात पाणी झिरपायचं ते वर्षानुवर्षांचं. कोपऱ्यात एक खड्डा होता, त्यात ते जमायचं, आणि खड्ड्यातला पंप ते बाहेर फेकायचा. बाबा असताना त्याचं बटण दाबायचा मान फक्त त्यांचा. दुपारी ते खाली जाऊन बसले की एकदा पंप चालवायचे. ते गेले, बटण कुणी दाबेना, आणि पाणी खालच्या पायरीला लागलं. तेव्हा मी प्लंबरला बोलावून पंपाला तरंगता गोळा बसवून घेतला. पाणी चढलं की गोळा वर येतो आणि पंप आपोआप सुरू होतो. म्हातारा पंप सुरू होताना आधी हवा ओढायचा, म्हणून ते ठसके.

आईला मी हे सगळं समजावलं. खाली नेऊन दाखवलंसुद्धा. तिने नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पुढच्या खोकल्याला पुन्हा रेडिओ बंद केला.

बाबांनी आम्हाला कधी मारलं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण लोक लगेच तेच विचारतात. मारायची वेळच येत नसे. वर येताना ते तळघराच्या जिन्यात खोकायचे, आणि ते दारात पोचेपर्यंतच्या वेळात आम्ही घर जागेवर आणायचो. हसणं बंद, रेडिओ बंद, शेजारीण आली असेल तर ती मागच्या दाराने बाहेर. बाबा आत यायचे तेव्हा घर चिडीचूप असायचं आणि ते समाधानाने खुर्चीत बसायचे. खाली ते काय करत, हे विचारायची सोय नव्हती. एक टेबल होतं, एक खुर्ची होती, टोक केलेल्या पेन्सिली होत्या. कागद मात्र मी कधी पाहिला नाही.

आणि आता हा माणूस मेल्यावर पूर्वीपेक्षा जास्त खोकत होता. पूर्वी दिवसातून एकदा-दोनदा. आता भाजी फोडणीला पडायच्या आत एकदा आणि शिजायच्या आत पुन्हा. आईचं कुठलंच काम पुरं होईना. अर्धं वाचलेलं वर्तमानपत्र उशीखाली जायचं. फोनवर मावशीशी बोलता बोलता ती मध्येच “ठेवते गं” म्हणून फोन ठेवून द्यायची. मावशीला वाटलं, आपलं काही चुकलं. मी हात टेकले आणि गळतीवाल्याला बोलावलं.

गळतीवाला म्हणजे ओल काढणे, भेगा बुजवणे, वॉटरप्रूफिंग करणे हा धंदा असलेला, तोंडाची टकळी कधी न थांबणारा गृहस्थ. आल्या आल्या त्याने भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, “काकू, भिंत घामाघूम झालीय. तुम्हाला घाबरली वाटतं.”

आई हसली नाही. तिने जिन्याकडे बघितलं.

आधी त्याला वाटलं, हवेतला दमटपणा थंड भिंतीवर धरतोय. त्याने भिंतीला प्लॅस्टिकचा एक चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावला. “वरून ओला झाला तर हवेचं पाणी, आतून झाला तर भिंतीचं,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक आतून ओलं होतं. मग त्याने बाबांच्या टेबलामागचे पोपडे खरवडले, तर खाली एक आडवी भेग निघाली. ती त्याने छिन्नीने रुंद केली, मसाला भरला, वरून दोन हात दिले, आणि मला म्हणाला, “ताई, आता हा पंप भंगारात काढा.”

आठवडा गेला नाही तोच भेग थोडी पुढे सरकून पुन्हा पाझरायला लागली. पंप उलट जास्तच खोकायला लागला. गळतीवाल्याची टकळी पहिल्यांदा बंद पडली. त्याने भिंतीला दोरी लावून बघितली, मग मला बाजूला घेतलं.

“भिंतीला पोट आलंय. बाहेरची माती कायम ओली असणार, ती आत ढकलतेय. असंच चाललं तर एक दिवस ही भिंत आत येईल. वर काय आहे?”

“आईची झोपायची खोली.”

“मग काकूंचा पलंग आजच हलवा.”

मला भिंतीची काळजी होतीच. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त मला तो खोकला बंद करायचा होता. माझ्या आईने उरलेल्या आयुष्यात एखादं गाणं तरी शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच मला हवं होतं. तो माणूस मेला होता आणि तरी तिला ते मिळत नव्हतं, याने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गळतीवाल्याने मग पंपाच्या खड्ड्यात हिरवा रंग ओतला. पंप हे पाणी फेकतो कुठे, ते बघायचं होतं. आम्ही दोघं घराला फेऱ्या मारत राहिलो. गटार बघितलं, अंगण बघितलं, कुंपणाच्या पलीकडे डोकावलो. पंप आत खोकत होता, पाणी ओढत होता, आणि बाहेर कुठेही हिरवा थेंब नव्हता. पाइप भिंतीतून बाहेर पडून जमिनीत शिरत होता एवढंच दिसत होतं. पुढे तो कुठे जातो याचा पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली दिवा लावला. बाबांच्या खुर्चीमागे भिंत हिरवी झाली होती. खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं येईल तिथून सुरुवात, तिथून खांदे पसरावेत तशी खाली पसरत गेलेली, आणि ओली. मी ड्रायव्हिंग शिकवते. समोर दिसतं त्यावर विश्वास ठेवा, मनातल्यावर नको, असं मी रोज घसा फोडून सांगते. त्या सकाळी मी भिंतीकडे पाठ न करता, उलट्या पावलांनी जिना चढले.

गळतीवाला मात्र ते बघून खूश झाला. “ताई, हे बाहेरचं पाणी नाहीच. तुमच्या घरातलंच आहे. पंप ते भिंतीमागे ओततो, भिंत ते परत आत देते, पंप ते परत ओततो. पावसाचं पडतं ते त्यात नवं. किती वर्षं तेच पाणी फिरतंय कोण जाणे.” मग त्याने डोकं खाजवलं. “पाइपचं तोंड नेमकं कुठे पुरलंय ते कळलं पाहिजे. ही फुगलेली भिंत, अंदाजाने सगळी बाजू खणत बसलो तर माझ्याच अंगावर यायची. एकाच ठिकाणी खणता येईल. कुठे, ते सांगा.”

मला माहीत नव्हतं. मी आईकडे बघितलं. ती दाराशी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की हिला माहीत आहे.

“आई?”

ती जिन्याकडे बघू लागली.

“आई, पाइप कुठे जातो?”

खालून पंप खोकला. तिने ओठ घट्ट मिटले. गळतीवाला उगाच आपली हत्यारं पुसू लागला.

“नाही सांगता येत,” ती हळूच म्हणाली. “ह्यांनी सांगितलंय, बोलायचं नाही.”

“बाबा मेलेत, आई.” मी ओरडलेच. “आपण दोघींनी त्यांना पोचवलंय. ते मेलेत आणि ती भिंत तुझ्या अंगावर यायला निघालीय, आणि तू मूग गिळून बसलीयेस. कुणासाठी?”

 ती चपला घालून बाहेर गेली. आम्ही मागोमाग गेलो. घराच्या कडेने चालत ती तळघराच्या खिडकीच्या थोडं पुढे थांबली, इकडेतिकडे बघितलं, आणि चपलेचं टोक जमिनीवर एकदा आपटलं. तोंडातून शब्द काढला नाही. तशीच परत घरात गेली.

तिथे खणलं. फरशीचा एक तुकडा लागला, त्याखाली खडी भरलेला खड्डा, घराच्या भिंतीला अगदी खेटून. पाइप घरापासून निघून वळसा घेऊन पुन्हा घराकडेच तोंड करून त्या खड्ड्यात संपत होता. खडी हिरवीगार झाली होती.

गळतीवाला कमरेवर हात ठेवून बघत राहिला. “असं कोण करतं?”

आमच्या घरातलेच लोक करतात. आईने संध्याकाळी सगळं सांगितलं, आणि तेही पंपाची वायर काढून टाकल्यावर. घर नवीन होतं तेव्हा पाइप उघड्यावर, रस्त्याकडेच्या गटारात सोडलेला होता. एकदा शेजारी सहज म्हणाले, “तुमच्या तळघरात पाणी लागलेलं दिसतंय.” बस, एवढंच. बाबा घरात आले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः खड्डा खणला आणि आईला खडीच्या टोपल्या उचलायला लावल्या.

“म्हणाले, आपल्या घरातलं काही बाहेर दिसता कामा नये. पाणीसुद्धा नाही.” आई म्हणाली. “मी म्हटलं होतं, ते परत आत येईल. तर म्हणाले, येऊ दे.”

मला त्या माणसाची जन्मात पहिल्यांदा कीव आली, आणि कीव आली याचाही राग आला.

पुढचं काम गळतीवाल्याने झपाट्याने केलं. आत भिंतीला टेकू दिले, बाहेरून थोडी थोडी करत माती काढली, भेग बाहेरून बुजवली, भिंतीला डांबरासारखा काळा लेप दिला. कोरडी माती दाबून भरली आणि तिला घरापासून लांब उतार दिला. नवा पाइप सगळ्यांना दिसेल असा थेट रस्त्याकडेच्या गटारात सोडला. शेजारी बघत होते. मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, “तळघरात पाणी लागलं होतं.” ते म्हणाले, “आमच्याकडेही आहे की.” आणि आत निघून गेले.

खड्ड्यातलं उरलेलं पाणी पंपाने एकदाच बाहेर टाकलं. ठसके आले, लांब खाकरणं आलं, आणि मग काही नाही. तळघर हळूहळू सुकलं. मी भिंतीला पांढरा रंग दिला, टेबल-खुर्ची विकून टाकली, आईचा पलंग तिच्या खोलीत परत लावला. पाऊस येऊन गेला, भिंत कोरडी. गळतीवाला मुद्दाम बघायला आला, भिंतीवर गाल टेकवून म्हणाला, “आता घाबरत नाही ही.” मला कितीतरी वर्षांनी एवढं हलकं वाटलं. रेडिओ मी स्वतः लावला, आवाज मोठा केला आणि कामावर गेले.

परत आले तेव्हा रेडिओ बंद होता. मला वाटलं, ऐकून झालं असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मग माझ्या लक्षात आलं, आई आपल्याच घरात दार लोटायच्या आधी थबकते. स्वयंपाकघरात जाताना थबकते, न्हाणीघराचं दार आधी बोटभर उघडून आत बघते. माझ्याशी बोलता बोलता माझ्या खांद्यामागे बघते. मावशीचा फोन वाजला की उचलतच नाही. पूर्वी निदान दोन खोकल्यांच्या मध्ये तिला उसंत मिळायची. आता ती दिवसभर उभी होती.

एका दुपारी मला राहवलं नाही. मी तिला खुर्चीत बसवलं, समोर बसले.

“काय झालंय, आई? बंद झाला ना खोकला? आता कसली भीती?”

तिने आधी दाराकडे बघितलं. मग पुढे झुकून, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “तो आवाज यायचा तेव्हा हे खाली आहेत, एवढं तरी कळायचं. आता कुठे आहेत, काही कळत नाही.”

मी तोंड उघडलं. पंप, पाइप, खडी, उतार, सगळं पुन्हा सांगायला लागले, आणि नेहमीसारखाच माझा आवाज चढला.

“हळू बोल गं,” आई म्हणाली.

आणि मी आवाज खाली आणला.